मधल्या सुट्टीची भाषा

सईसाठी शाळा बघायला सुरुवात केली तेव्हा ती सव्वातीन वर्षांची होती आणि तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. तिचा जन्म जून २०२० मधला, कोल्हापुरातला. नवऱ्याच्या, निखिलच्या, नोकरीमुळे आम्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वित्झर्लंडला आलो. राहायला ड्यूबेनडॉर्फ, झ्युरिकच्या मुख्य स्टेशनपासून लोकलनं दहा-पंधरा मिनिटांवर. पहिलं दीड वर्ष मी घरीच होते, त्यामुळे दिवसभर तिच्या कानावर मराठीच. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की 'होइ, सई' म्हणायच्या आणि ही माझ्यामागं लपायची. आठवड्यातून दोन सकाळी ती 'श्पीलग्रुप'ला जायची, म्हणजे आपल्या खेळवाडीसारखं. तिथं दोन-अडीच तास खेळून आली तरी घरी एक नवा शब्द काढायची नाही.

झ्युरिक कँटनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, ३१ जुलैपर्यंत चार वर्षं पूर्ण झाली की त्याच ऑगस्टमध्ये मुलाला किंडरगार्टनला घालावंच लागतं. दोन वर्षांचं किंडरगार्टन २००८ पासून सक्तीच्या शिक्षणातच धरलं जातं. सरकारी शाळेला फी नाही, आणि ती निवडायचीही नसते. राहत्या पत्त्यावरून ठरते. हिवाळ्यात नगरपालिकेचं पत्र येतं, पुढं उन्हाळ्याच्या तोंडावर कुठली शाळा, कुठल्या बाई ते कळतं. म्हणजे आम्ही हातपाय हलवले नसते तरी सईला शाळा मिळाली असती, आणि चांगली मिळाली असती. हे आधीच सांगते, कारण आपल्या लोकांत सरकारी शाळा म्हटलं की नाक मुरडतात. इथल्या सरकारी शाळेला नावं ठेवण्यासारखं मला काही दिसलं नाही.

मग दुसरीकडे बघितलं कशाला? पहिलं कारण घड्याळ. किंडरगार्टन सकाळी आठ-सव्वाआठला भरतं आणि बाराच्या आत सुटतं. मुलं दुपारी घरी जेवायला येतात, ही इथली जुनी रीत. कुणी घरी नसेल तर 'होर्ट'मध्ये जागा घ्यायची, तिथं जेवण आणि दुपारची देखभाल होते, पण त्याचे पैसे वेगळे आणि जागा मोजक्या. वर्षाला तेरा आठवडे सुट्ट्या. मला एप्रिल २०२३ मध्ये आठवड्याचे चार दिवस अशी नोकरी लागली होती. आई किंवा सासूबाई आल्या तरी व्हिसा नव्वद दिवसांचा. दुसरं कारण निखिलचं काम. प्रकल्प तीन वर्षांचा होता. पुढं पुणं की सिंगापूर की इथंच, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. पुण्याला परतलो तर इंग्रजी लागणार, इथं राहिलो तर जर्मन लागणार. म्हणून जर्मन-इंग्रजी अशी द्विभाषिक, दिवसभराची शाळा हवी, असं आम्ही ठरवलं. त्या वेळी ते फार सोपं वाटलं होतं.

मी स्वतः सेमी-इंग्रजीतली. आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. आमचे सर फळ्यावर 'फोर्स' लिहायचे आणि म्हणायचे, 'फोर्स म्हंजे बळ. बळ म्हंजे ढकलायचं नाहीतर ओढायचं. आता दार उघडताना काय करतोस सांग.' पेपर इंग्रजीत लिहायचा, शंका मराठीत विचारायची, आणि मधल्या सुट्टीत पेरूच्या फोडीवरनं भांडायचं ते कोल्हापुरीत. आमच्या शाळेला द्विभाषिक असं कुणी म्हटलं नाही, पण दोन भाषांतून शिकणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. पुस्तकात किती इंग्रजी आहे यापेक्षा सर कुठल्या भाषेत समजावतात आणि पोरं कुठल्या भाषेत भांडतात, यावर सगळं ठरतं. शाळा बघत हिंडताना मला हे लगेच आठवलं नाही. पहिल्या शाळेत आठवायला हवं होतं.

ती शाळा तळ्याकाठची, मोठी. पोहण्याचा तलाव, दोन मजली ग्रंथालय, मुलांनी केलेल्या सूर्यमालेचा कागदी झुंबर. अभ्यासक्रम आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलोरिएटचा. याचा जन्मही याच देशातला, १९६८ मध्ये जिनिव्हात. देशोदेशी बदल्या होणाऱ्या लोकांच्या मुलांना कुठंही पुढं शिकता यावं म्हणून. माहितीपत्रकात 'द्विभाषिक वातावरण' असं ठळक छापलेलं. माहितीच्या संध्याकाळी आम्ही दोघं दिपून गेलो होतो. निखिल परतताना गाडीत म्हणाला, 'हीच.' मी पण हो म्हटलं.

घरी येऊन त्यांनी दिलेलं किंडरगार्टनचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं. दोन दिवसांनी भाजी चिरताना नजर गेली आणि मोजलं. आठवड्यात जर्मनचे तास पाच. बाकी सगळं इंग्रजी. गाणी इंग्रजी, गणित इंग्रजी, जेवणाच्या टेबलावरच्या सूचना इंग्रजी. हा एक विषय झाला, माध्यम नव्हे. आम्हीही शाळेत हिंदी शिकलोच की पाचवीपासून, पण त्यामुळे आमची शाळा काही हिंदी-मराठी झाली नाही. शाळेनं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. दर तीन वर्षांनी देश बदलणाऱ्या कुटुंबाला ती शाळा अगदी योग्य आहे, आणि त्यांची फीही बहुतेक वेळा कंपनीच भरते. आमचा करार इथला स्थानिक, फी खिशातून जाणार होती. दुसऱ्यांदा गेलो ते मुद्दाम दहाच्या सुमाराला, मधल्या सुट्टीत. अंगणात शंभरेक मुलं होती. सगळी छान, मनमोकळी मुलं. अर्धा तास उभी राहिले, जर्मनचा एक शब्द कानावर आला नाही.

त्याच आठवड्यात मी आमच्या गल्लीच्या टोकाचं सरकारी किंडरगार्टन बघून आले. तिथं जर्मनही नव्हती, बोली होती, म्हणजे इथले लोक आपसात बोलतात ती स्विस जर्मन. झ्युरिकच्या मतदारांनी २०११ मध्ये कौल दिला की किंडरगार्टनमध्ये बोलीतच बोलायचं. साधारण ५४ टक्के लोक त्या बाजूनं होते. प्रमाण जर्मन पहिलीपासून. आमच्या ओळखीतल्या काही घरांत यावर मोठी नाराजी आहे. 'ही बोली शिकून काय करायचं, जर्मनीत पण कुणाला कळत नाही,' असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी 'आलासा? बसा की' म्हणणाऱ्या घरातली. पुण्याला कॉलेजात गेल्यावर महिनाभरात मी 'व्हय' सोडलं आणि 'हो' धरलं, आणि सुट्टीत घरी गेले तेव्हा आई माझ्याकडं बघतच राहिली. लिहायची भाषा एक आणि जिव्हाळ्याची दुसरी, हे इथल्या लोकांनी मत देऊन सांभाळलंय. ते बघून मला भरून आलं होतं. आणि एक व्यवहाराची गोष्टही कळली. प्रमाण जर्मन वर्गात शिकवता येते. बोली मात्र फक्त मुलांकडूनच मिळते.

दुसरी शाळा कागदावर निम्मी-निम्मी होती. सकाळ जर्मन, दुपार इंग्रजी, तास मोजले तेही बरोबर. पण भेटीच्या दिवशी सकाळचा जर्मन वर्ग एक तरुण सहायक घेत होती आणि ती मुलांशी इंग्रजीतच बोलत होती. जर्मनच्या बाई कुठं आहेत विचारलं तर 'नेमणूक चालू आहे' असं उत्तर मिळालं. एका आईनं दारात सांगितलं की वर्षभरात तिसऱ्या बाई गेल्या. मला हे त्या शाळेचं नाव घेऊन लिहायचं नाही. शिक्षक मिळणं सगळीकडंच अवघड झालंय. पण निम्मी भाषा एका माणसावर उभी असेल, तर ते माणूस किती वर्षं टिकतं हा पहिला प्रश्न हवा. तो मी माझ्या यादीत विसाव्या नंबरावर लिहिला होता.

त्या शाळेची खरी जखम मात्र वेगळी. प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंनी अर्ज वाचला, 'घरातली भाषा' या रकान्यापुढं मी लिहिलेल्या 'मराठी'वर बोट ठेवलं आणि मला प्रेमानंच सांगितलं, 'आजपासून घरी इंग्रजी बोलायला लागा. तिला तीन भाषांचं ओझं होईल. एक कमी करा.'

आम्ही ऐकलं. दोन शिकलेली माणसं, पण पोरीच्या भल्याचं कुणी सांगितलं की माणूस ऐकतो. नऊ दिवस घरात इंग्रजी बोललो. 'ब्रश युअर टीथ', 'कम, लेट्स ईट'. पहिल्या दिवशी सईला तो खेळ वाटला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी कमी बोलायला लागली. रोज रात्री अंथरुणात पडल्यावर ती दिवसभराचं सगळं सांगायची: कुठला कुत्रा दिसला, ट्राममध्ये कोण रडत होतं, वाळूत काय सापडलं. ते थांबलं. दिवा मालवला की ती भिंतीकडं तोंड करून झोपायची. नवव्या दिवशी अंघोळ घालताना मी 'क्लोज युअर आइज' म्हटलं, तर तिनं डोळे मिटले नाहीत. साबणाचं पाणी गालावरून खाली येत होतं, आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, 'आई, तू माझ्यावर रागावलीयस का?'

मी तिथंच फरशीवर बसले. 'न्हाई गं माझ्या बाळा,' एवढंच तोंडातून आलं, आणि तेही कोल्हापुरीतून. तेव्हापासून घरात मराठी. त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

नंतर मी वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. कॅनडात काम करणारे जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हे मांडलंय: खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलं साधारण दोनेक वर्षांत उचलतात, पण अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि पहिली भाषा जितकी भक्कम तितका दुसरीला आधार. म्हणजे मराठी काढून टाकणं हे ओझं कमी करणं नव्हतंच, पायाच काढून घेणं होतं. श्पीलग्रुपच्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्या हसल्या. त्यांचे आईवडील कोसोव्होतून आलेले. किंडरगार्टनला जाईपर्यंत त्यांना फक्त अल्बेनियन येत होती. आज त्यांची झ्युरिकची बोली ऐकून त्या इथल्याच वाटतात. 'तुम्ही तुमचं बोला, नीट आणि भरपूर बोला,' त्या म्हणाल्या. 'बाकीचं आमच्यावर सोडा.'

तिसरी शाळा आम्ही जवळजवळ बघणारच नव्हतो. तिचं माहितीपत्रक साधं, इमारत एका जुन्या कार्यालयाची, अंगण लहान, पोहण्याचा तलाव नाही. झ्युरिकच्या दुसऱ्या टोकाला, घरापासून लोकल आणि ट्राम धरून पस्तीस मिनिटं. तिथं 'श्नुपरटाग' ठेवतात. 'श्नुपर्न' म्हणजे हुंगणं. मूल एक सकाळ वर्गात बसून शाळा कशी आहे ते हुंगून बघतं. हा शब्द मला फार आवडतो. इथं नोकरीआधीही पोरं असं हुंगून बघतात.

वर्गात दोन बाई, पूर्ण वेळ, एकाच खोलीत. एक मुलांशी फक्त जर्मन बोलणार, दुसरी फक्त इंग्रजी. गोष्ट एकच, एक पान एकीनं वाचलं, पुढचं दुसरीनं. मुलं ज्या बाईंकडं तोंड करतील त्या भाषेत बोलत होती, न सांगता. जर्मनच्या बाई तिथं नऊ वर्षं होत्या, इंग्रजीच्या सहा. मी वर्गातल्या मुलांच्या घरच्या भाषा विचारल्या. अठरा मुलं: सात घरांत जर्मन किंवा बोली, सहा घरांत इंग्रजी, पाच घरांत तिसरीच काहीतरी. हा आकडा मला सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त सांगून गेला. मुलं एकत्र आली की बहुतेकांना जी येते ती भाषा धरतात. अठरातल्या पंधरांची भाषा इंग्रजी असेल तर बाईंनी कितीही जर्मन बोलावी, खेळ इंग्रजीतच होणार. इथं कुठल्याच भाषेचा जोर चालत नव्हता.

दहा वाजता मुलं बाहेर गेली. मला खिडकीशी खुर्ची दिली होती. वाळूच्या चौकोनात एक लाल फावडं होतं आणि त्याच्यावर तिघांचा डोळा. एक मुलगा एकाला इंग्रजीत सांगत होता की माझा नंबर आहे, आणि वळून दुसऱ्याला तेच बोलीत. एक मुलगी पायरीवरून घसरली, गुडघा खरचटला, ती रडत जर्मनच्या बाईंकडं गेली आणि पट्टी लावून घेऊन इंग्रजीत बडबडत परत आली. सई पंचवीस मिनिटांतली वीस मिनिटं भिंतीला टेकून उभी होती. मला उठून जावंसं वाटत होतं, पण बाईंनी खुणेनं थांबवलं. मग ती हळूच वाळूत गेली आणि फावड्याला हात लावून स्वच्छ मराठीत म्हणाली, 'आता मी.' फावडंवाल्यानं तिच्याकडं बघितलं, बोलीत काहीतरी म्हणाला आणि फावडं दिलं. दोघंही आपापल्या भाषेत बोलत राहिली आणि खड्डा खोल होत गेला.

परत निघताना जर्मनच्या बाई म्हणाल्या, 'ही बरेच दिवस गप्प राहील. कदाचित नाताळपर्यंत. घाबरू नका, ती ऐकत असेल.' मी विचारलं, घरी काय बोलायचं? त्यांना प्रश्नच कळला नाही. 'तुमची भाषा,' म्हणाल्या.

मग मुख्याध्यापकांना एकच विचारलं: सहावीनंतर तुमची मुलं कुठं जातात? पहिल्या दोन शाळांत यावर 'जगभर' असं उत्तर मिळालं होतं. यांनी एक फाइल काढली. आदल्या वर्षीची अकरा मुलं: तीन गिमनाझियमला, म्हणजे पुढं विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेला, सात आपापल्या गावच्या सरकारी माध्यमिकला, एक परदेशी. गिमनाझियमची प्रवेशपरीक्षा जर्मन आणि गणिताची, आणि गणितही जर्मनमधूनच. म्हणजे ही मुलं जर्मन खरोखर शिकतात, याचा तो पुरावा होता.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण मला कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं. इथल्या दिवसभराच्या खासगी शाळा वर्षाला साधारण २५,००० फ्रँकपासून पुढं, मोठ्या शाळा ३०,००० च्या वर. आमच्या शाळेची फी २६,४०० होती. त्यावर अर्जाचे ५०० जे परत मिळत नाहीत, २,००० अनामत, आणि जेवण वेगळं. सरकारी शाळा निवडली असती तर होर्ट आणि सुट्ट्यांतली देखभाल मिळून आमच्या उत्पन्नाला वर्षाला १६,००० च्या आसपास खर्च येत होता. म्हणजे तुलना २६,००० विरुद्ध शून्य अशी नव्हती, पण फरक दहा-बारा हजारांचा होताच. वर शाळेची फी करातून वजा होत नाही, देखभालीचा खर्च मर्यादेत होतो. निखिलनं हे सगळं एक्सेलमध्ये मांडलं आणि आम्ही सही केली ती दोन वर्षांपुरती, फक्त किंडरगार्टनची. पहिलीचं नंतर बघू. सहीआधी करार घरी आणून ओळ न् ओळ वाचला ते बरं झालं: शाळा सोडायची तर ३१ जानेवारीपर्यंत लेखी कळवायचं, नाहीतर पुढच्या वर्षाच्या फीला बांधील. खासगीत घालतोय हे नगरपालिकेच्या शिक्षण खात्यालाही कळवावं लागतं, त्याला एक पत्र पुरलं.

ऑगस्ट २०२४ ला सई जायला लागली. पायात घालायला घरातल्या सपाता, इथं त्यांना 'फिंकन' म्हणतात, आणि डब्यात 'त्स्न्यूनी', म्हणजे नऊ वाजताचं खाणं. गोड चालत नाही, शेंगदाणे चालत नाहीत, म्हणून लाडू बाद. गाजर, काकडी आणि छोटं थालीपीठ. बाई म्हणाल्या तशीच ती गप्प राहिली. अकरा आठवडे. शाळेत एक शब्द नाही, घरी आल्यावर मराठीचा धबधबा. आई फोनवर विचारायची, 'काय गं, पोरगी मुकी न्हाई ना झाली तिकडं?' मी वरवर हसायचे, पण रात्री झोप लागायची नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथं 'रेबेलिएख्टली' असतं. त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती, आमचा आकाशकंदील अजून गॅलरीत लटकत होता. जांभळ्या-पांढऱ्या सलगमाचा गर चमच्यानं कोरून काढायचा, साल खरवडून चांदण्या आणि चंद्र उमटवायचे, आत मेणबत्ती ठेवायची आणि अंधार पडल्यावर गावातून मिरवणूक काढायची. आम्ही पालक शाळेत बसून कोरत होतो. गर ओला, कडक, चमचा घसरतो, हाताला उग्र वास लागतो आणि दोन दिवस जात नाही. पेटवल्यावर आतून साल गुलाबी होते. सईनं त्यावर एक चांदणी आणि एक बोट लांब रेघ काढली होती. ती शेपूट होती, कारण तिला आपल्या आजीकडची मांजर काढायची होती. मिरवणूक संपवून घरी आलो तेव्हा खालच्या आजी जिन्यात होत्या. सई माझ्यामागं लपली नाही. दिवा पुढं धरून म्हणाली, 'लुएग, मिस लिएख्ट!' बघ, माझा दिवा. आजींनी तोंडावर हात ठेवला. मग सई माझ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, 'आई, त्यांना सांग ना, ही मांजर आहे म्हणून. मला मांजर येत नाही अजून.'

त्यानंतर भाषा भरभर येत गेली. सांगण्यासारखं त्यात फार नाही. पहिलं वर्ष संपेपर्यंत बाईंशी जर्मन, दुसऱ्या बाईंशी इंग्रजी, मैत्रिणीशी बोली.

एक गोष्ट मात्र आम्ही शाळा बघताना मुळीच धरली नव्हती. पस्तीस मिनिटांवरच्या शाळेतल्या मैत्रिणीही पस्तीस मिनिटांवरच राहतात, आणि त्याही चार वेगळ्या गावांत. वाढदिवस म्हणजे शनिवारी दोन गाड्या बदलून जायचं, तीन तासांनी परत. आमच्या इमारतीतली मुलं सकाळी केशरी चमकते त्रिकोणी पट्टे गळ्यात अडकवून एकटी चालत किंडरगार्टनला जातात, बाराला येतात, आणि दुपारी मागच्या हिरवळीवर असतात. सई सव्वापाचला यायची तोवर खेळ आटोपत आलेला असायचा. गेल्या शरदात ती रोज गॅलरीतून विचारायला लागली, 'ते सगळे कुठल्या शाळेत जातात? मी का नाही?' शनिवारी ती त्यांच्यात असायची, आणि खालून येणाऱ्या गोंगाटात तिचा आवाज कुठला ते मला ओळखू यायचं नाही, इतकी ती त्यांच्यासारखी बोलायला लागली होती.

निखिलचा प्रकल्प पाच वर्षांनी वाढलाय. नागरिकत्वाच्या हिशोबात ८ ते १८ या वयातली इथली वर्षं दुप्पट धरतात, हेही त्यानं मला दाखवलं. तरी त्याला इंग्रजीची काळजी होती, आणि ती रास्त होती. सईला इंग्रजी वाचायची गोडी आत्ताच लागलीय. रात्रीची गोष्ट एक दिवसाआड तो इंग्रजीतून वाचणार, असं ठरलं. रविवारी सकाळी चार घरं मिळून आम्ही मराठीचा वर्ग घेतो, त्यात ती 'ळ' गिरवते आणि तो उलटा काढते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केलीय. कधी परतलो तर तिला तिथं नव्यानं सुरुवात करावी लागू नये, एवढं तरी आमच्या हातात आहे.

२४ जानेवारीला मी शाळेला पत्र दिलं. पहिलीपासून सई गल्लीच्या पलीकडच्या सरकारी शाळेत जाईल. जर्मनच्या बाईंनी पत्र वाचून मला मिठी मारली, म्हणाल्या, 'ती तयार आहे.' मला रडू आलं. ती शाळा सोडवत नाही, आणि पुन्हा मागं गेले तरी ही दोन वर्षं मी तिथंच काढीन.

आता रविवारी मराठीचा वर्ग झाला की आम्ही नव्या शाळेचा रस्ता चालून बघतो. आठ मिनिटांचा आहे, दोन ठिकाणी रस्ता ओलांडायचा. वाहतूक पोलीस किंडरगार्टनला येऊन मुलांना चार शब्द शिकवतात: 'वार्ते, लुएगे, लोसे, लाउफे.' थांबायचं, बघायचं, ऐकायचं, मग चालायचं. सई पट्ट्यांपाशी उभी राहून ते मोठ्यानं म्हणते. इथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून आधी डावीकडं बघायचं. ती अजून आधी उजवीकडं बघते. ते तिनं माझ्याकडून उचललंय. ऑगस्टपर्यंत दोघींनाही बदलायचंय.